पावसाची पुडी

गेल्या महिन्यात पेपरात एक बातमी होती. कुठल्याशा उपग्रहानं आकाशात गॅमा किरणांचा स्फोट टिपला आणि त्याच्या वर्णपटावरून शास्त्रज्ञांनी तो कसला, किती लांबचा, हे ताडलं. मी ती बातमी दोनदा वाचली. माझी नात शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजी, तुला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, बाई गं, सगळं नाही कळत, पण वर्णपट म्हणजे काय ते मला कळतं. तुझी आई दीड वर्षाची होती तेव्हा त्याच्यापायी मी तिचं दूध चौदा दिवस तोडलं होतं. तेव्हा कुठे तिनं मान वर केली. मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाचून आणि विचारून शिकलेलं, तेव्हा मी बोलते तसंच लिहिणार.

आमचं घर मालवणहून देवबागला जाणाऱ्या वाटेवर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची बाग आणि वाळू. नवरा बोटीवर नोकरीला. दहा-दहा महिने त्याचं तोंड दिसायचं नाही, पत्रावर तिकिटं मात्र दरवेळी वेगळ्या देशाची. घरात आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि माझी लेक. चौथी धरायची तर गाय, आणि तिचा पाडा. लेकीनं अंगावरचं दूध लवकर सोडलेलं, त्यामुळे ती त्या गाईच्याच दुधावर वाढत होती.

धाकटा दीर मुंबईला. एका सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस होता. तिथं किरण मोजायचे. किरण म्हणजे उन्हाचे नव्हेत, डोळ्यांना न दिसणारे. तो गणपतीला घरी आला तो एक इनॅमलची पसरट थाळी, एक चिनीमातीचं भांडं आणि पांढऱ्या कागदाचे कापलेले चौकोन घेऊन. म्हणाला, "वैनी, ह्या काम तुकाच जमतला." खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बांबूचं मचाण करून त्यानं थाळी त्यावर बसवली. जो पाऊस त्यात पडेल तो बाटलीत भरायचा. आठवड्यानं ते पाणी स्टोव्हवर आटवायचं, तळाला जे उरेल ते खरवडून कागदाच्या चौकोनात बांधायचं आणि पाकिटात घालून त्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचं. चुलीवर ठेवायचं नाही, राख उडते. भांडं नुसत्या पाण्यानं धुवायचं, राखेनं घासायचं नाही.

सासूबाई ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पावसाचा पाणी आटवन ममयक धाडूचा? ममयक पाऊस पडणा नाय?"

"पडता आये, पण थंयच्या पावसात गिरणेचो धूर. हयचो पाऊस समुद्रावरसून येता, निवळ. आमच्या साहेबांक तो व्हयो."

"आणि तेतूर काय बघतत?"

मग त्यानं सांगितलं की मोठे देश अणुबाँब फोडून बघतात. त्याची धूळ आभाळात इतकी उंच जाते की वाऱ्याबरोबर हजारो कोस फिरते, आणि मग पावसाबरोबर कुठेही खाली येते. ती धूळ किरण सोडते. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या खळ्यातलो केर आपल्या दारात." इतकं नेमकं मलाही सुचलं नसतं.

जाताना त्यानं आईला बजावलं, "आये, ह्या पाकिटात दुसरा काय्येक घालू नको हां. आमसुला नको, सुक्या मासळेचो तुकडो नको. काय्येक नको."

"मी कित्याक घालू? माजा काय अडलाहा?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मुंबईच्या लेकाला काही पाठवायचं नाही, ही गोष्ट त्यांना मानवणारी नव्हती.

मी चार-पाच आठवडे ते काम केलं. तळाला फार काही उरत नसे. समुद्र जवळ, म्हणून मिठाची भुरकट साय. ती मी जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनं खरवडायची, पुडी बांधायची, पाकिटाला भाताचं शीत लावून चिकटवायची. पुढे दसरा झाला, आणि चीननं पहिला अणुबाँब फोडल्याची बातमी आली. दुकानात लोक रेडिओभोवती उभे राहून ऐकत होते. दिराचं पत्र आलं: ह्यापुढे एकही आठवडा चुकवू नको. शेवटी लिहिलं होतं की अंगात ताप आहे, पण काळजीचं कारण नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. बाँबचं ऐकताना सासूबाई सुपारी कातरत होत्या. तापाचं आलं तसा अडकित्ता थांबला.

त्या आठवड्यात संध्याकाळी गडगडून चांगला पाऊस झाला. थाळी दोनदा भरली. खरं सांगते, मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. चीनचा बाँब आणि माझी थाळी! पाणी आटवलं, पुडी बांधली आणि पाकीट टपालात टाकलं.

त्यानंतर सहा-सात दिवसांनी, दुपारच्या वेळी, पोस्टमन सायकल ढकलत वाळूतून आला. सासूबाई मळणीला गेल्या होत्या. त्यानं लांबूनच म्हटलं, "वैनी, तार इली."

तार म्हणजे काय ते तेव्हाच्या माणसांना विचारा. आणि माणूस बोटीवर असलेल्या घराला तर विचारूच नका. मी पायरीवर बसलेच. लेक मांडीवर होती, तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. पोस्टमन घाईघाईनं म्हणाला, "वैनी, रडू नकात. कोण मेलाहा नाय. दूध आसा."

"काय आसा?"

"दूध. इंग्रजीत आसा, पण मास्तरांनी माका सांगलानी. पोराक दूध देऊ नको, चिठी येता."

मी रडायच्या तयारीत होते आणि हसू फुटलं. नवरा जिवंत आहे! बाकी काय वाटेल ते असो. पोस्टमन माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "दूध नासला तां ममयक कसा कळला ओ?" त्याला म्हटलं, तेवढं कुणाला सांगू नका. तो म्हणाला, "माका कळूक व्हया मगे सांगूक!" आणि गेला.

हसू तेवढंच. तो गेल्यावर मी तार हातात धरून बसले आणि हळूहळू माझ्या डोक्यात उतरलं की माणूस उगाच तार करत नाही. त्या सकाळी लेक दोन वाट्या दूध प्यायली होती.

चौथ्या दिवशी पत्र आलं. दिरानं सगळं नीट लिहिलं होतं. त्या आठवड्याची माझी पुडी मोजली, तर किरणांची मोजणी मागच्या पुड्यांच्या कितीतरी पट भरली. एकदम उसळी. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून पुन्हा मोजली. तेवढीच. बाँबच्या धुळीत एक जातीचं आयोडिन असतं. ते पावसातून गवतावर, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून पोराच्या पोटात जातं आणि गळ्याशी जाऊन बसतं. मोठ्या माणसांना तेवढं भय नाही, लहानांना असतं. पण अजून नक्की काही नाही, असंही त्यानं लिहिलं होतं. आता झाली ती नुसती एकूण मोजणी. किरण कसले ते ओळखायचं यंत्र वेगळं, ते एकच आहे, आणि त्याला रांग आहे. "आपला नंबर लागेपर्यंत चेडवाक गायीचा दूध देऊ नको. आयेक सांगू नको, ती गावभर करतली."

झालं. तिथून माझ्या मागे लागलं.

तार आली त्याच संध्याकाळपासून मी लेकीला पेज भरवायला लागले होते. मऊ भाताची पेज, वर मिठाचा खडा. पहिले दोन दिवस ती वाटीकडे बघून "दू, दू" करायची आणि गोठ्याकडे बोट दाखवायची. मी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवत बसायची. काही हाताला लागतं का? रोज वाटायचं, कालच्यापेक्षा काहीतरी लागतंय. ती शिंकली तरी मी तिला उजेडात नेऊन गळा बघायची. आधी आठवडाभर तिच्या पोटात गेलेलं दूध आता कुठून काढू? आणि बोलायचं कुणापाशी? नवरा समुद्रात, सासूबाईंना सांगायचं नाही.

दूध जमिनीवर ओतायला हात होईना. लक्ष्मी ती. मग मी पाड्याला मोकळा सोडायला लागले. तो पिऊन पिऊन आडवा व्हायचा, आणि मी रिकामी चरवी घेऊन आत यायची. सासूबाईंना सांगितलं, गाय लाथ मारते, पान्हा सोडत नाही. त्यांना कोरा चहा, मलाही कोरा चहा.

"सात वर्सा कधी लाथ मारूक नाय ती, आता मारता?" त्या म्हणाल्या. मग नजर लागली ठरलं. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. गाईनं बिचारीनं मिरच्यांच्या धुरानं खोकून घेतलं. मग सासूबाई मला घेऊन देवळात गेल्या आणि स्वतःच गाऱ्हाणं घालायला उभ्या राहिल्या, कारण गुरव जेवायला गेला होता.

"बा देवा म्हाराजा, माज्या गायीक कोणाची नदर लागली आसात तर ती पायाखाली घे."

गाऱ्हाण्याला मागच्या माणसानं होकार द्यायचा असतो. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"कोण चोरून दूध काढून नेता आसात तर तेका समज दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? देवासमोर उभं राहून मी माझ्याच नावानं होकार देत होते.

अकराव्या दिवशी दुसरं पत्र आलं, जाड. आत चौकटीचा कागद होता आणि त्यावर पेन्सिलनं काढलेली एक वेडीवाकडी रेघ. तो माझ्या आयुष्यातला पहिला वर्णपट. दिरानं मला समजेल असं लिहिलं होतं, आणि अजूनही ते पत्र मला जवळजवळ पाठ आहे. त्यानं लिहिलं होतं: वैनी, रापण ओढल्यावर आधी काय करतात? किती पाट्या मासळी आली ते बघतात. ती झाली एकूण मोजणी. मग बायका बसून निवडतात. तारली इकडे, बांगडा तिकडे, मोठा मासा वेगळा. आमच्या यंत्रात एक स्फटिक आहे. त्यावर किरण आपटला की तो चमकतो. किरणात जोर जास्त तर चमक जास्त. यंत्र प्रत्येक चमक बघून तिला तिच्या जोराच्या खान्यात टाकतं. कमी जोराचे किरण डावीकडे, जास्त जोराचे उजवीकडे. ज्या खान्यात गर्दी झाली तिथं रेघेला डोंगर येतो. आणि प्रत्येक पदार्थाचा डोंगर ठरलेल्या जागी येतो, तो जागा बदलत नाही. बाँबच्या आयोडिनचा डोंगर डावीकडे यायला हवा होता. तिथं त्यानं बारीक बाण काढला होता: "हय बघ, हय काय नाय." सगळी उसळी होती ती लांब उजवीकडे, एकट्या डोंगराची. तिथं लिहिलं होतं: पोटॅशियम.

हे पोटॅशियम जगात सगळीकडे असतं, असं त्यानं पुढे लिहिलं होतं. मातीत, माणसाच्या अंगात, आणि सगळ्यात जास्त राखेत. त्यानं काही होत नाही. पण साहेब म्हणतात, पावसात एवढं पोटॅशियम येईल कुठून? ते कुठून आलं हे कळल्याशिवाय ते पुडीवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. बाँबचं थोडंसं काही त्या डोंगराच्या आड लपलं असेल तर? "तुज्या हातसून राख मिसाळली काय? खरा सांग. मी त्या दिसा तापान घराक होतंय, पुडी दुसऱ्यान उघडल्यान."

मी तो कागद घेऊन पडवीत बसले. राख? मी स्टोव्हवर आटवलं होतं. भांडं पाण्यानं धुतलं होतं. पोस्टकार्ड स्वच्छ होतं. मी हात दहा वेळा आठवणीत धुतले. माझ्याकडून राख गेलीच नव्हती. आणि गेली नव्हती म्हणजे यंत्रावर, पुडीवर, कशावरच विश्वास नाही, म्हणजे लेकीच्या गळ्याचं भय आहे तिथंच आहे. मला इतकी इच्छा होती की माझी चूक निघावी! आयुष्यात दुसऱ्यांदा कधी मी आपली चूक इतकी धुंडाळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात पाड्याला सोडलेलं, आणि मागून आवाज आला.

"काय गो! मी म्हणतंय पाडो म्हशीसारखो कसो माजलो!"

सासूबाई दारात उभ्या. कमरेवर हात. "माजो नातू रवतलो उपाशी आणि पाडो पितलो? देवासमोर व्हय म्हाराजा म्हणतंस आणि हय असा करतंस? लाज नाय वाटणा?"

नात म्हणायच्या ऐवजी रागात त्या नातू म्हणाल्या, ते मला अजून आठवतं. मी मग शेणाच्या जागेवरच बसले आणि रडत रडत सगळं ओकले. तार, पत्र, बाँब, गवत, दूध, गळा. तो चौकटीचा कागद पोलक्यात खोचलेला होता तो काढून दाखवला. म्हटलं, आये, ह्यो डोंगर राखेचो आसा म्हणतत, आणि मी राख घालूक नाय, मगे ती इली खंयसून?

सासूबाई ऐकत होत्या. त्यांचे कमरेवरचे हात कधी खाली आले कळलं नाही. त्यांनी कागद उलटा धरून बघितला. पाड्याचं चुळुचुळु पिणं तेवढं ऐकू येत होतं. मग हळूच म्हणाल्या,

"राख म्हणजे चुलीतली मा?"

"कसलीव."

"देवाची आसात ती तेच्यात धरूची नाय ना?"

मी वर बघितलं.

आमच्याकडची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. गावच्या देवाचा अंगारा, म्हणजे देवळातल्या धुनीतली राख, मुंबईच्या मुलांना टपालानं जातो. त्या काळात तर मुंबईला जाणाऱ्या दर दोन पाकिटांत एकात अंगाऱ्याची पुडी असायची. लेकाला ताप आलाय हे कळल्यावर सासूबाई देवळात जाऊन आल्या होत्या. मी पत्ता लिहून पाकीट ठेवलं आणि शीत आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी पुडी आत सरकवली. चिमूटभर नव्हे, ताप होता म्हणून चांगली दोन चमचे. आणि कागद? कागद दिरानं आणलेल्या पांढऱ्या चौकोनांतला, माझ्यासारखाच. "बरो कागद दिसलो," त्या म्हणाल्या. दीर कामावर असता तर त्यानं बघताक्षणी ओळखलं असतं आणि कपाळाला लावलं असतं. पण त्याच तापानं तो घरी, आणि ज्यानं पाकीट उघडलं त्यानं दोन सारख्या पुड्या बघून दोन्ही एकाच बशीत ओतल्या.

"तेना म्हटला, काय्येक घालू नको," सासूबाई म्हणाल्या. "आमसुला नको म्हटल्यान, मासळी नको म्हटल्यान. अंगारो नको असा खंय म्हटल्यान? तापलेल्या झिलाक आयेन नुसती पावसाची पुडी धाडूची?" आणि मग त्यांचा आवाजच फाटला. "माज्या हातान माज्या नातीचा दूध तोडलंय गो मी."

मला काय वाटलं ते कसं सांगू? त्यांच्यावर रागवायचं भान कुठलं! मी शेणाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. छातीवर बारा दिवस कुणीतरी जातं ठेवलं होतं आणि ते उचललं, असं झालं. मी हसत होते, त्या रडत होत्या, आणि मग उलटं झालं. त्या म्हणाल्या, "सोड माका, लुगडा भरवलंस," पण स्वतः सोडेनात.

त्याच सकाळी मी मालवणला जाऊन तार केली. तारमास्तर म्हणाले, "अंगाऱ्याला इंग्रजीत काय घालू?" म्हटलं, राखच घाला, देवाची म्हणून घाला, त्याला कळेल.

इथं जरा पुढचं सांगून टाकते, कारण नातीला तेच सांगायचं होतं. बऱ्याच वर्षांनी, दिराचे केस पिकल्यावर, तो खळ्यात आरामखुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, वैनी, तुझ्या पुडीसारखंच मोठ्यांचंही झालं होतं. त्याच दशकात बाँबवर पहारा ठेवायला अमेरिकेनं उपग्रह सोडले होते. कुणी करार मोडून आभाळात, चंद्राआड कुठे चोरून बाँब फोडतोय का ते बघायला. जोडीजोडीनं, पृथ्वीच्या दोन अंगांना, खूप उंचावर. त्यांच्यात आमच्यासारखीच गॅमा किरण मोजणारी यंत्रं. आणि एके दिवशी त्या यंत्रांत उसळी आली. काही क्षणांचा लखलखाट, आणि पुन्हा सामसूम.

मी विचारलं, "बाँब होतो?"

"तांच तर. बाँबचा लखलखाट कसा चढता, कसा उतारता, तां तेंका ठावक होता. ह्या तसा नव्हता. दोनदा चढला, दोनदा उतारला." मग असे आणखी लखलखाट सापडले. एका उपग्रहाला किरण आधी लागले, दुसऱ्याला जरा मागून, त्या फरकावरून दिशा काढली. पृथ्वी नव्हे. सूर्यही नव्हे. कुठूनतरी बाहेरून, आभाळाच्या पार खोलातून. त्यांनी ती गोष्ट कितीतरी वर्षं खणात ठेवली, खात्री होईपर्यंत बोलले नाहीत. आता नवे उपग्रह तर असा स्फोट दिसला की त्याचे किरण जोराप्रमाणे खान्याखान्यांत लावतात, रेघ कुठे फुगते, कुठे वाकते ते बघतात, आणि कुठला तारा कसा संपला असेल त्याचा अंदाज करतात. त्यातल्या कित्येकांचे किरण, म्हणे, आपली पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेले.

मी विचारलं, "मगे जेव्हा पयली उसळी दिसली तेव्हा त्या माणसांच्या बायकांनी पोरांचा दूध बंद केल्यानी काय?"

दीर इतका हसला की खुर्ची मोडायची. म्हणाला, "तेंका कोणी तार करूक नाय, वैनी." पण मला खरंच त्या माणसांचं वाटलं. आधी वाटलं असेल, कुणीतरी बाँब टाकला. मग निवडून बघितलं आणि कळलं, नाही, कुठलातरी तारा आहे, आपल्या जन्माआधीचा, आपल्याशी त्याचं काही वैर नाही. त्या दिवशी तेही घरी जाऊन पोटभर जेवले असतील.

असो. मी त्या दिवसांकडे येते.

माझी तार दुसऱ्या दिवशी सकाळी दिराला मिळाली. तो लगेच उठून आपल्या खोलीवर गेला. गणपतीला आलेला असताना आईनं दिलेला अंगारा त्याच्या ट्रंकेत तसाच होता. तो त्यानं प्रयोगशाळेत नेला, आणि साहेबांची परवानगी काढून एकटाच यंत्रात घातला. रेघ आली. डोंगर त्याच जागी, लांब उजवीकडे, एकटा. मग मूळ पुडीच्या रेघेतून साहेबांनी तो डोंगर वजा केला तर खाली उरलं ते आमच्या दर आठवड्यासारखंच, किंचित. साहेब म्हणाले, म्हणे, तुमच्या देवाचा अंगारा आपल्याकडे कायमचा राहू दे, यंत्र तपासायला चांगला आहे. सासूबाईंना हे पुढे कळलं तेव्हा त्यांनी ते गावभर केलं, आणि त्यात "यंत्र तपासायला" एवढं मात्र गाळलं.

चौदाव्या दिवशी सकाळी पोस्टमन पुन्हा वाळूतून सायकल ढकलत आला. ह्यावेळी तो लांबूनच हसत होता.

"वैनी, तार! दूध दिवक लागा म्हणतत." खळ्यात येऊन त्यानं सायकल माडाला टेकली. "तुमच्या गायीचो पत्रव्यवहार सरकाराबरोबर चलता. आमच्या गावात कलेक्टराक पण येवढे तारी येणत नाय."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "काय म्हणता?"

"दूध देवा म्हणता, आये."

"मगे तुका पण देतंय. बस थंय."

त्या सकाळी गाईचं दूध मी काढलं, पाड्याला दोरीनं बांधून. तो इतका ओरडला की वाडीतली माणसं बघायला आली. गाईला काय, तिचं दूध कुणीही काढलं तरी सारखंच. चरवी फेसानं भरली. पोस्टमनला चहा झाला, दाट, वर साय येईल असा. सासूबाईंनी आपल्या कपात हात जड करून दूध घातलं आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले. मी लेकीची वाटी भरली, फुंकून निववली आणि तिच्या ओठाला लावली.

तिनं एक घोट घेतला. मला अजून ते तोंड दिसतं. भुवया वर गेल्या, ओठ मुडपले, आणि सगळं दूध माझ्या पदरावर आलं. "नको," म्हणाली. "पेज."

मी पुन्हा लावली. तिनं वाटी ढकलली. "पेज!"

चौदा दिवसांत पोरीला खारट पेजेची चटक लागली होती. ज्या दुधासाठी मी रात्रंदिवस जीव टांगून बसले होते ते तिला नकोच होतं. पोस्टमन चहाचा कप हातात धरून खो-खो हसायला लागला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बघतंस काय? धाड आता तार भावजीक, पोरगी दूध पिणा नाय, यंत्रात घालून बघ म्हणान."

मग त्यांनीच उठून चुलीवरची पेज ओतून आणली. त्यात माझ्या वाटीतलं दूध घातलं, बोटानं ढवळलं आणि लेकीला मांडीवर घेतलं. तिनं आधी संशयानं बघितलं. मग तोंड उघडलं. एक घास, दुसरा घास, आणि मग तिनं स्वतःच वाटी दोन्ही हातांनी धरली. मी तिथंच खांबाला टेकून बसले होते, पदर दुधानं ओला. तिच्या गळ्याकडे बघत होते. घास खाली उतरताना तो गळा इतका नीट हलत होता, वर-खाली, वर-खाली, की मी वाटी संपेपर्यंत तेवढंच बघत राहिले.